आठ खोल्या, एक जिना

भोसरीच्या एमआयडीसी रस्त्यावरून आत दोन वळणं घेतली की आमची इमारत लागते. तळमजल्यावर दोन वन आरके, वरच्या दोन्ही मजल्यांवर तीन-तीन. आम्ही ती बघायला गेलो तो रविवार होता, संध्याकाळची वेळ. आठही दारांबाहेर चपला, कुठेतरी कुकरची शिट्टी, जिन्यात टेकवलेली सायकल. मालक एकेक दार वाजवून ओळख करून देत होते. ‘खोली एक दिवस रिकामी राहत नाही, वहिनी. पाटी लावायची वेळच येत नाही.’

खरेदीखत झालं आणि दोन महिन्यांत तीन खोल्या रिकाम्या झाल्या. वरच्या मजल्यावरचं जोडपं मालकांच्या मेहुण्याच्या ओळखीतलं होतं आणि दोन खोल्यांतली मुलं महिन्याभरापूर्वीच आणून बसवलेली होती, हे नंतर कळलं. सांगितलं तळमजल्यावरच्या वेल्डरने. त्याला आधी विचारलं असतं तर त्याने तेव्हाही सांगितलं असतं. आम्ही विचारलंच नाही.

तेव्हापासून भाड्याची इमारत घ्यायची म्हणून कोणी सल्ला विचारायला आलं की मी आधी जिन्याखालच्या मीटर बोर्डाकडे जायला सांगते. आठही खोल्यांची वीजबिलं मालकांकडून मागून घ्या. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. माणूस राहत असलेल्या खोलीत दिवा, पंखा, टीव्ही मिळून महिन्याला काही ना काही युनिटं जळतातच. एखाद्या बिलावर दोन, शून्य, तीन, एक आणि शेवटच्या महिन्यात एकदम चाळीस असा आकडा दिसला, तर तो भाडेकरू तुमच्यासाठी बोलावलेला आहे असं समजा. आणि आठ खोल्यांना एकच मीटर असेल तर तो प्रश्न वेगळाच. विजेचा दर युनिटं वाढतील तसा टप्प्याटप्प्याने चढतो. आठ बिऱ्हाडांचा वापर एका मीटरवर आला की सगळ्यांनाच वरच्या टप्प्याचा दर बसतो आणि दर महिन्याला बिल कोणी किती भरायचं यावरून जिन्यात भांडणं होतात.

मुळात एका फ्लॅटऐवजी एका छपराखालच्या आठ खोल्या का घ्यायच्या, हा प्रश्न रास्त आहे. पुण्या-मुंबईत फ्लॅटचं वर्षाचं भाडं त्याच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास येतं, आणि गृहकर्जाचं व्याज त्याच्या कितीतरी वर असतं. फ्लॅट घेणारा खरं तर किंमत वाढण्यावर पैसे लावत असतो, भाडं हे त्याचं चहापाणी. शिवाय भाडेकरू गेला की त्या महिन्याचं उत्पन्न शून्य, हप्ता मात्र चालूच. आठ खोल्यांतली एक रिकामी झाली तर आठवा हिस्सा जातो, सात हिस्से येत राहतात. टाकी एक, मोटर एक, घरपट्टीची फेरी एक, आणि गवंडी एकदा आला की सगळीकडचं काम करून जातो. हा फायदा खरा आहे. पण गच्ची गळली तर वरच्या तिन्ही खोल्या एकदम गळतात आणि बोअर आटली तर आठही घरं एकाच सकाळी तुमच्या फोनवर येतात, हेही त्याच हिशोबातलं आहे.

हिशोबाचं एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या भागातले तुम्ही घाला. इमारतीची किंमत एक कोटी वीस लाख, आठ खोल्या, प्रत्येकीचं भाडं नऊ हजार. महिन्याला ७२,०००, वर्षाला ८,६४,०००. विकणारा इथेच थांबतो आणि म्हणतो, सात टक्क्यांच्या वर परतावा आहे. आपण पुढे जायचं. प्रत्येक खोली वर्षात सरासरी एक महिना रिकामी राहील असं धरा. भाडेकरू बदलतो, रंग होतो, दलाल माणसं आणतो, यात महिना सहज जातो. उरले ७,९२,०००. घरपट्टी ४२,०००. टँकर, मोटरची आणि जिन्यातली वीज मिळून १,०८,०००. रंग आणि दुरुस्ती ७५,०००. झाडलोट आणि देखरेख करणाऱ्या माणसाला ४८,०००. दलाली आणि करारनोंदणी १९,०००. हातात राहिले पाच लाख.

आता भागायचं कशाने? एक कोटी वीस लाखांनी नव्हे. पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क सात टक्के आणि नोंदणी फी तीस हजार धरली की इमारत तुम्हाला एक कोटी साडेअठ्ठावीस लाखांच्या वर पडते. (निवासी मालमत्ता फक्त स्त्रीच्या नावावर घेतली तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आमच्याकडे यावरून बरीच थट्टा झाली, पण लाख-सव्वा लाख वाचले.) परतावा निघाला चार टक्क्यांच्या जरा खाली. सातच्या वरून सुरुवात केली होती.

याच इमारतीवर नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी साठ लाखांचं कर्ज काढलं तर हप्ता साधारण ५४,००० बसतो, वर्षाला साडेसहा लाखांच्या जवळपास. हातात येतात पाच. म्हणजे दर महिन्याला बारा हजार पगारातून घालायचे, तेही सगळं सुरळीत चाललं तर. कर्ज चाळीस लाखांवर ठेवलं तर हप्ता ३६,०००, आणि वर्षाअखेरीस साठ-सत्तर हजार उरतात. तेवढे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी बाजूला ठेवावेच लागतात. तेव्हा बँक किती देते हे विचारण्याआधी खोल्या किती हप्ता सोसतात ते काढा. माझ्या मते पहिल्या इमारतीत वर्षाच्या निव्वळ उत्पन्नापेक्षा हप्ते जास्त होत असतील, तर किंमत चुकली आहे किंवा कर्ज तरी.

बँकेचं म्हणाल तर ती फ्लॅटला जितक्या सहज पैसे देते तितक्या सहज अशा इमारतीला देत नाही. पंचाहत्तर लाखांच्या वरच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. त्याहून मोठी अडचण नकाशाची. मंजूर नकाशात मजल्यावर एकेक घर दाखवलेलं असतं, प्रत्यक्षात मधे विटांची भिंत घालून तीन खोल्या काढलेल्या असतात. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस मंजूर नकाशा मोजतो, तुमच्या खोल्या मोजत नाही. वरचा मजला विनापरवाना असेल तर त्याची किंमत त्याच्या कागदावर शून्य. विकणारा मात्र त्या मजल्याचं भाडं धरूनच किंमत सांगत असतो.

कागदांच्या बाबतीत पुण्याच्या आसपास एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकून, सामाईक सातबारावर नावं चढवून त्यावर बांधलेल्या इमारती इथे चिक्कार आहेत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दीड गुंठ्यात तीन मजले उभे राहतात, पण जमीन बिगरशेती झालेली नसते, बांधकाम परवानगी नसते, भोगवटा प्रमाणपत्र तर नसतंच. वर्षानुवर्षं लोक राहतात, घरपट्टीही भरतात. घरपट्टीची पावती हा परवानगीचा पुरावा नाही, हे विकणारा सांगत नाही. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, जुने फेरफार, इतर हक्कातला बोजा, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र एवढं हाती आल्याशिवाय इसाराचा रुपया देऊ नका, आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट तुमच्या वकिलाकडून घ्या, विकणाऱ्याच्या वकिलाकडून नको. रेराच्या संकेतस्थळावर इमारत सापडत नाही म्हणून मात्र घाबरू नका. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठ घरांपर्यंतच्या प्रकल्पाला ती नोंदणी लागतच नाही.

पेठांतला वाडा किंवा मुंबईतली चाळ स्वस्तात मिळते आहे असं कोणी सांगितलं तर आधी आत कोण राहतंय ते पाहा. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. शंभर रुपयांच्या आतलं भाडं भरणारी बिऱ्हाडं आणि त्या पैशात दुरुस्ती न परवडणारे मालक, अशी दोन्हीकडची रड पिढ्यान् पिढ्या चालली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरवली आणि त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याने वर्षाला चार टक्के वाढ करू दिली, पागडीच्या व्यवहाराला मुभा दिली, पण जुन्या भाडेकरूचं संरक्षण कायम ठेवलं. इमारत विकली गेली म्हणून त्याचा हक्क संपत नाही. तुम्ही भिंती विकत घेता, त्याच्यासकट. ‘आपण काढू त्यांना’ हे दलालाचं वाक्य ऐकलं की चहा संपवून उठावं. नवख्याने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या भाडेकरूंसाठी याच कायद्यात चांगली वाट आहे, ती लिव्ह अँड लायसन्सची. मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण त्यासाठी करार लेखी आणि नोंदवलेला हवा. इथे एक गैरसमज इतका घट्ट बसलाय की सुशिक्षित माणसंही तो मला ऐकवतात: अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो, मुदत कितीही असो. कलम ५५ तसं सांगतं, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं, आणि नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतलेला कागद त्या दिवशी कामाला येत नाही.

खर्च तरी किती? नऊ हजार भाडं, तीस हजार परतीची अनामत, मुदत दोन वर्षं. भाडं झालं दोन लाख सोळा हजार, अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी सहा हजार, एकूण २,२२,०००. त्यावर पाव टक्का म्हणजे ५५५ रुपये मुद्रांक शुल्क, आणि शहरी भागात हजार रुपये नोंदणी फी. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते, अंगठ्याचा ठसा घ्यायला एजंट दारात येतो, त्याचे पैसे वेगळे. आठ खोल्यांचे आठ करार दोन वर्षांतून एकदा. हे वाचवण्यासारखे पैसे नाहीत. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचं कामही त्याच दिवशी उरकून टाकावं.

भाडं थकलं की पाणी बंद करायचं, मीटरची वायर काढायची, हे उद्योग आजूबाजूचे अनुभवी मालक सुचवतील. कलम २९ ने त्याला मनाई आहे, आणि तक्रार झाली तर थकबाकीदार बाजूला राहतो आणि आरोपी तुम्ही होता. थकबाकी दोन महिन्यांच्या पुढे जाऊ द्यायची नाही हा एकच उपाय मला लागू पडलेला आहे. पाच तारखेला फोन, दहा तारखेला जिना चढून भेट. आवाज चढवावा लागत नाही, नुसतं जाऊन उभं राहावं लागतं.

पाण्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण भाडेकरू भाड्यापेक्षा पाण्यामुळे सोडून जातो. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. आठ खोल्यांत तीन-तीन माणसं धरली तर दिवसाला सव्वातीन हजार लिटर लागतात. म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर तीन दिवसांत संपला. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून नळाला पाणी दिवसाआड येतं, तेव्हा खालची टाकी किमान दोन दिवसांची हवी, साडेसहा हजार लिटरच्या खाली चालणारच नाही. आमच्या इमारतीत ती तीन हजारांची निघाली. मालकांनी झाकण उघडून दाखवलं होतं, आत पाणी काठोकाठ होतं, आम्ही खूष. टाकी किती खोल आहे ते काठी घालून पाहायचं कोणाला सुचलं नाही. इमारत बघायला म्हणूनच रविवारी संध्याकाळी जाऊ नये. मधल्या वारी, पाणी यायच्या वेळेला जावं. मोटर कोण चालू करतं, वरच्या मजल्यावर धार किती जाड पडते, जिन्यात बादल्या लागल्यात का, हे अर्ध्या तासात दिसतं. जमलं तर एकदा भर पावसाळ्यात जा. मे महिन्यात रंगवलेली भिंत जुलैत खरं काय ते दाखवते.

भाडेकरू निवडताना ‘फक्त कुटुंब’, ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त आपल्यातले’ अशा पाट्या लावणाऱ्या मालकांच्या खोल्या मी महिनोन् महिने बंद पाहिल्यात. एमआयडीसीजवळच्या खोलीला शिफ्टमध्ये काम करणारी मुलंच येणार, ती बहुतेक लातूर, नांदेड, विदर्भ किंवा थेट बिहार-ओडिशातून आलेली. मी कंपनीचं ओळखपत्र, आधार आणि आधीच्या घरमालकाचा नंबर घेते, आणि त्या नंबरवर खरंच फोन करते. एका खोलीत किती माणसं राहतील ते करारात आकड्याने लिहिते, कारण दोघांना दिलेल्या खोलीत दिवाळीनंतर पाच जण होतात. खोली देताना आणि घेताना भिंती, नळ, मीटर रीडिंग यांचे फोटो त्याच्यासमोर काढते. अनामतीवरून होणारी भांडणं बहुतेक या फोटोंपाशी संपतात.

करांचं थोडक्यात. भाडं बँकेतून घ्या. वर्षाच्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यातून दुरुस्तीसाठी म्हणून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुम्ही दुरुस्ती केली असो वा नसो. मग कर्जाचं व्याज. टँकर, मोटर, झाडलोटवाल्याचा पगार हे वेगळे वजा होत नाहीत, ते त्या तीसमध्येच आले. वरच्या उदाहरणात चाळीस लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी करपात्र उत्पन्न पावणेदोन लाखांच्या आत येतं. मात्र व्याज जास्त होऊन तोटा दिसत असेल तर नव्या कररचनेत तो पगारातून वजा करता येत नाही. ‘कर वाचेल’ म्हणून मोठं कर्ज काढायला सांगणाऱ्यांना हे विचारा. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात जी ४० टक्के सवलत आहे ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही, तेव्हा जुन्या मालकाची पावती बघून घरपट्टीचा अंदाज बांधू नका. परदेशात राहणाऱ्यांच्या बाबतीत भाडेकरूने भाड्यातून तीस टक्क्यांच्या वर कर कापून भरायचा असतो. नऊ हजारांच्या खोलीतला वेल्डर तुमच्यासाठी ते करत बसणार नाही, म्हणून अमेरिकेतल्या भाच्याला मी अशा खोल्यांऐवजी दुसरं काहीतरी बघ असं सांगितलं.

एकदम आठ खोल्यांत उडी घेण्याआधी जमल्यास वर्षभर दुसऱ्या कोणाच्या सांभाळून पाहा. मामाच्या, सासऱ्यांच्या, कोणाच्याही. स्वतःच्या घरावर परवानगी काढून एक मजला चढवता येत असेल तर त्याहून चांगली सुरुवात नाही. जमिनीचे पैसे नाहीत, आणि भाडेकरू डोळ्यांसमोर राहतो. भाऊ-भाऊ मिळून घेत असाल तर भाडं कोणाच्या खात्यात जमा होणार आणि गच्चीचा खर्च कोण करणार, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहा. आमच्यात ते लिहिलेलं नव्हतं. दिरांशी दीड वर्ष बोलणं बंद होतं, त्याबद्दल इथे इतकंच.

तळमजल्यावरचा तो वेल्डर अजून आमच्याकडेच आहे. मोटर तोच चालू करतो, टँकर आला की पाइप तोच धरतो, त्याबद्दल त्याच्या भाड्यातून पाचशे कमी घेते. गेल्या वेळी करार नव्याने करताना मी भाडं वाढवायचं म्हटलं. वाढवा म्हणाला, पण आधी वरच्या टाकीचं झाकण बदला, कबुतरं आत बसतात. झाकण दुसऱ्या दिवशी बदललं.